नऊ पिनांचा पोर्ट आणि माझे कान

माझे कान हळूहळू गेले. एकदम गेले असते तर निदान लगेच कळलं तरी असतं. पण आवाज रोज थोडा थोडा उतरत गेला, आणि मला वाटत राहिलं की हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत.

भूमला एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकेचा मजकूर, ग्रामसभेच्या नोटिसा असली कामं. गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर बसून सांगतं आणि मी टाईप करते. या धंद्याला बोटांइतकेच कान लागतात. माझ्या कानातून आधी गेले ते स, श, त, क असले बारीक आवाज. माणूस बोलतोय हे ऐकू यायचं, काय बोलतोय ते अंदाजानं धरावं लागायचं. एकदा शेजारच्या वाशी तालुक्यातला एक माणूस शेळ्यांसाठी अर्ज करायला आला होता. मी त्याला केळीच्या लागवडीचा अर्ज छान, शुद्ध मराठीत टाईप करून दिला. त्यानं तो तिथंच वाचला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, आमच्याकडं प्यायला पाणी न्हाय, केळी कुठं लावू?" दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसले. संध्याकाळी घरी जाताना मात्र रस्ताभर रडू आवरत होते.

त्यानंतर मी गिऱ्हाइकांना म्हणायला लागले, "जरा लिहून द्या, म्हणजे चूक होणार न्हाय." लोकांना वाटायचं बाई शिस्तीची आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना तसं वाटलं नाही. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. आमची दोन्ही घरं एकाच अंगणात. माझे मालक आणि दीर दोघंही शेत आणि म्हशी बघतात, दूध खव्याच्या भट्टीला जातं, आणि घरातला कारभार अक्कांच्या हातात. एक दिवस त्या माझ्या पाठीमागं उभ्या राहून काहीतरी विचारत होत्या. मी भांडी लावत राहिले. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला आपल्याकडं वळवलं आणि ओठ नीट हलवत म्हणाल्या, "किती दिवस झालं हे?"

मी म्हणाले, "काय किती दिवस?"

"ऐकू येत न्हाय ते."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. येत्या सोमवारी आपण जाऊ, एवढंच म्हणाल्या.

तेव्हा जिल्ह्याच्या गावाच्या पाट्यांवर उस्मानाबाद होतं, बोलताना धाराशिवही चालायचं. तिथं एका गल्लीत कानाची तपासणी करणारा एक तरुण बसत असे. लातूरकडचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तो प्रत्येकाला सांगायचा, "मी डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट आहे." लोकांना ते बोलता येईना, म्हणून अखेर त्याचं नाव कानवाले सर असं पडलं. त्यानं मला काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं. मी बोट वर करत होते, पण काचेपलीकडं अक्का माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की मधे बराच वेळ माझं बोट खालीच आहे.

नसा अशक्त झाल्यात, औषधानं बऱ्या होणार नाहीत, दोन्ही कानांना मशीन लागेल, असं निघालं. अक्कांनी एकदाही "विचार करून सांगतो" म्हटलं नाही. मशिनं ठरली आणि आठ-पंधरा दिवसांनी ती आल्यावर आम्ही पुन्हा गेलो.

तिथं खरी अडचण आली. ही मशिनं डिजिटल. नुसती कानात घालून भागत नाही. ज्याचे कान जिथं कमी, तिथंच आवाज वाढवावा लागतो, आणि ते कॉम्प्युटरवरून करायचं असतं. त्यासाठी सरांकडं एक पेटी होती. पुण्याला त्यांना शिकवलेल्या मॅडमनी स्वतःचं काम थांबवताना ती त्यांना दिली होती. पेटीतून दोन वायरी निघायच्या, लाल उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची, आणि तिसरी केबल जायची कॉम्प्युटरकडं. आम्ही जायच्या आदल्याच आठवड्यात लाईटीच्या झटक्यानं त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळला होता. त्यांनी नवा लॅपटॉप आणला होता. लॅपटॉप चांगला होता, पण पेटीची केबल लावायला त्याला जागाच नव्हती.

सर अक्कांना हे सगळं समजावून सांगत होते. मला त्यातलं अर्धंमुर्धंही ऐकू येत नव्हतं. मी आपली टेबलाकडं बघत बसले होते. टेबलावर त्या केबलचं टोक पडलं होतं. बसकं, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू, मधे बारीक भोकं. वरच्या रांगेत पाच, खालच्या रांगेत चार. शेजारी नव्या लॅपटॉपला जोडलेली एक छोटी केबल होती, सोलापूरहून मागवलेली. एका तोंडाला यूएसबी, दुसऱ्या तोंडाला तसाच नऊचा जोड. सर ती लावून दाखवत होते. पडद्यावर रेघ पुढं सरकायची, मधेच थांबायची, आणि लाल अक्षरं यायची.

मी केबलचं टोक उचललं आणि म्हणाले, "असा पोर्ट माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला आहे."

सर माझ्याकडं वळले. मग तोंड माझ्यासमोर आणून सावकाश म्हणाले, "पाठीमागं? पिना असलेला?"

"हो. प्रिंटरची मोठी केबल लागते त्याच्या शेजारी. नऊ पिना. आजवर कधी त्यात काही घातलं नाही."

अक्का म्हणाल्या, "मग त्यो कॉम्प्युटर हिकडं आणायचा का?"

सरांनी केबलचं टोक माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "तो नको आणायला. एवढ्या जुन्या मशीनला एस.टी.चे हादरे नको. मीच येतो."

माझा तो कॉम्प्युटर बार्शीच्या एका दुकानातून जुळवून आणलेला. पांढरा होता, आता पिवळा पडला होता. सगळे म्हणायचे, भंगारात द्या. मी दिला नव्हता, त्याला कारण माझा टिकल्यांचा जुना प्रिंटर, डॉट मॅट्रिक्स. कार्बन घालून दोन-तीन प्रती काढायच्या तर तोच लागतो, आणि त्याची पंचवीस पिनांची जाड केबल त्याच कॉम्प्युटरला बसायची. प्रिंटरसाठी ठेवलेला कॉम्प्युटर कानाला उपयोगी पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

सर भूमच्या आठवडी बाजारच्या दिवशी आले, कारण त्या दिवशी त्यांची खोली बंद असे. टॉवेलात गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन एस.टी.नं आले. त्यांनी कॉम्प्युटर भिंतीपासून ओढून पाठ उघडी केली. धुळीचा थर होता. माझ्या रंग द्यायच्या जुन्या ब्रशनं त्यांनी पिना झाडल्या, केबल लावली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. सीडी घातली. प्रोग्रॅम बसला, पण त्याला पेटी काही सापडेना. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

अक्का दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता हितं पण न्हाय का?"

सरांनी पुण्याला मॅडमना फोन लावला. बोलणं झाल्यावर मला वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं, "पोर्ट बंद करून ठेवला असेल. आतून चालू करावा लागेल." ते कसं करायचं ते मला माहीत होतं. कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबून ठेवलं की निळा पडदा येतो. मी तो आणला. आम्ही दोघं खुर्च्या जवळ ओढून एकेक ओळ वाचत खाली गेलो. प्रिंटरचा पोर्ट चालू होता. त्याच्या वरच्या ओळीत नऊ पिनांचा पोर्ट बंद होता. बार्शीच्या माणसानं, याला काही लावणार नाहीत म्हणून, बंद करून दिला असणार. मी तो चालू केला.

या वेळी पडद्यावर पेटीचं नाव आलं. सर हसले आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले, जसं जड ओझं खाली ठेवल्यावर माणूस ठेवतो.

त्यांनी मशिनं माझ्या कानात बसवली. सेलच्या दारातून एक बारीक पट्टी आत सरकवली आणि लाल-निळ्या वायरी जोडल्या. आता माझ्या कानापासून निघालेली वायर पेटीत, आणि पेटीची माझ्या रोजच्या कॉम्प्युटरमध्ये. ज्या पडद्यावर मी दिवसभर लोकांचे अर्ज बघायची, त्यावर माझ्या ऐकण्याच्या दोन रेघा होत्या, आणि उजवीकडं, बारीक आवाजांकडं जाता जाता त्या खोल उतरल्या होत्या. सरांनी तिथल्या कळा एकेक वर नेल्या.

आधी पंखा ऐकू आला. मग कीबोर्डची टकटक. मी टाईप करताना इतका आवाज होतो हे विसरून गेले होते. मग दारातून अक्का म्हणाल्या, "सरांना चहा सांगू का?"

त्यातला स मला ऐकू आला. स्वच्छ, जिथल्या तिथं. पण मला गलबलून आलं ते वेगळ्याच गोष्टीनं. अक्कांचा आवाज म्हातारा झाला होता. माझ्या लक्षात होता तो त्यांचा खणखणीत, अंगणभर जाणारा आवाज. आता त्याला बारीक कंप होता, वाक्याच्या शेवटी तो दमत होता. इतकी वर्षं त्या माझ्या शेजारी बोलत होत्या आणि त्यांचं वय माझ्या कानापर्यंत आलंच नव्हतं.

मी म्हणाले, "अक्का, परत बोला."

"काय बोलू?"

"काहीपण."

त्या जरा लाजल्या. मग म्हणाल्या, "म्हशीला कालपास्नं बरं न्हाय. मालक गेल्यात डॉक्टरला आणायला. सांगायचं राहिलं व्हतं." एवढं बोलून पदरानं तोंड पुसत त्या चहा सांगायला गेल्या.

मी सरांना म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?" ते म्हणाले, "आज तुमच्या दुकानात बसून दोन माणसांचं काम करू द्या. त्यांची मशिनं पण तशीच पडून आहेत."

तिथून ते सुरू झालं. दर बाजारच्या दिवशी नाही, पण बऱ्याचदा, सर पेटी घेऊन यायचे. दोन माणसं यायची, मग चार आली. परंड्याकडून, वाशीकडून, इकडच्या खेड्यांतून. बाजाराला यायचंच असतं, तेव्हाच कानाचंही होऊन जायचं. धाराशिवला जायचा एक दिवस वाचायचा. सर कानात मशीन बसवायला लागले की मला प्रिंटर बंद ठेवावा लागायचा, कारण त्याचा खरखराट सुरू झाला की बिचाऱ्या माणसाला दुसरं काही कळायचं नाही. अर्जवाले बाहेर बाकड्यावर थांबायचे. अक्का त्यांना सांगायच्या, "थोडं बसा, आत एकाला ऐकू आणायचं चाललंय." आणि खरंच, कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. उलट आत काय होतंय ते बघायला माणसं दारात माना लांब करायची.

एक खव्याच्या भट्टीवरचं जोडपं आलं होतं. भट्टीच्या धगीपाशी आणि मोटारीच्या आवाजात त्यांचा जन्म गेलेला. नवऱ्याचे कान गेले होते आणि बायको त्याच्याशी वरच्या पट्टीत बोलून बोलून सगळ्या जगाशीच तशी बोलायला लागली होती. सरांनी मशीन लावलं, कळा वर-खाली केल्या आणि बायकोला म्हणाले, "आता बोला त्यांच्याशी."

ती ओरडून म्हणाली, "येतंय का ऐकू?"

नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. "वरडू नगंस. येतंय."

"मी कुठं वरडती?" ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली.

बाहेर बाकड्यावर हसू फुटलं. तिला ते आवडलं नाही. मग ती जरा थांबली, त्याच्या जवळ वाकली आणि अगदी हळू काहीतरी म्हणाली. आम्हा कुणालाच ते ऐकू आलं नाही, मशिनं असून मलाही नाही. त्याला आलं. तो मान डोलावत राहिला आणि तिच्याकडं बघायचंच टाळत राहिला. पुढच्या बाजारी त्यांनी पळसाच्या पानात बांधून खवा पाठवला.

माणसं नसली की सर आणि मी चहा पीत बसायचो. एकदा मी त्यांना विचारलं की माझ्या प्रिंटरची केबल एवढी जाड आणि ही कानाची एवढी बारीक, असं का. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. प्रिंटरच्या केबलमध्ये एका अक्षराचे आठ तुकडे आठ तारांतून शेजारी शेजारी एकदमच जातात. नऊ पिनांच्या पोर्टात तेच तुकडे एकाच तारेतून एकामागं एक जातात, शाळा सुटल्यावर दारातून पोरं रांगेनं निघावीत तसे. "दोन नंबरची पिन ऐकायची," ते म्हणाले, "तीन नंबरची बोलायची. पाच नंबरची अर्थिंग. एवढ्यावर सगळं चालतं."

मी विचारलं, "कुणी ठरवलं हे?"

"ठरवलं कुणीतरी. फार वर्षांपूर्वी. मग सगळ्यांनी ते पाळलं."

मी त्यावर पुष्कळदा विचार केला. सरांची पेटी कुठल्या परदेशात तयार झाली होती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझा कॉम्प्युटर बार्शीत जुळवलेला. पेटी बनवणाऱ्यानं भूमचं नाव ऐकलेलं असायचं कारण नाही. तरी दोघांची तोंडं एकमेकांत अचूक बसली, कारण कधीकाळी काही माणसं एकत्र बसली होती आणि कोणती पिन कशासाठी ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं तेव्हा मोठमोठी यंत्रं असतील. आमच्या बाजारातली बहिरी माणसं नक्कीच नसतील. पण त्यांनी ते नीट केलं आणि ते आमच्यापर्यंत आलं. मी देवाला हात जोडते तेव्हा आता त्यांनाही जोडते. त्यांची नावं मला माहीत नाहीत, चेहरे माहीत नाहीत.

दोनेक वर्षं असं चाललं. मग सरांना नवी पेटी घेता आली, लॅपटॉपला सरळ लागणारी. ते सांगायला खास आले. पेटी मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता आणि तो ते माझ्यासमोर जरा दडवत होते, मला वाईट वाटेल म्हणून. मी म्हणाले, "सर, चांगलं झालं. आता तुम्ही कुठंही बसून काम कराल." त्यांनी पाठीमागचे दोन स्क्रू सैल केले, केबल काढली, पेटी टॉवेलात गुंडाळली.

अक्कांनी त्यांना विचारलं, "ही जुनी आता फेकून देणार का?"

"नाही अक्का. मॅडमना परत नेऊन देणार आहे. त्यांनी दिली तेव्हा म्हणाल्या होत्या, तुझं भागलं की सांग. त्यांची दुसरी एक विद्यार्थिनी आता काम सुरू करतेय, एका आडगावात. तिच्याकडं जुना कॉम्प्युटर आहे."

अक्कांनी आत जाऊन शेंगदाण्याची चटणी बांधून आणली. एक पुडी सरांना, एक मॅडमसाठी. त्या मॅडमना आम्ही कधी बघितलं नाही.

माझा पिवळा कॉम्प्युटर त्यानंतरही काही वर्षं चालला आणि मग एक दिवस चालू झाला नाही. प्रिंटर आता कुणाला लागत नाही. माझी कानातली मशिनं बदलली. नवी मशिनं सर मोबाईलवरून, कसलीच वायर न लावता जुळवतात. ती जास्त चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. बाजाराच्या गर्दीतही मला समोरचं बोलणं वेगळं काढता येतं. फोनवर लेकीशी बोलता येतं. टायपिंग अजून चालू आहे, आणि गिऱ्हाईक अजून स्टुलावर बसून सांगतं.

लोकांच्या मनातून मात्र ते दुकान कानाचं दुकान म्हणून गेलेलं नाही. गेल्या बाजारी एक बाई आल्या, पासष्ट-सत्तरच्या असतील, हातात भाजीची पिशवी. दारात उभ्या राहून त्यांनी कानाला हात लावला आणि विचारलं, "हितंच बघत्यात न्हवं?"

मी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. त्यांच्यासमोर खुर्ची घेतली, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसतील, आणि सावकाश म्हणाले, "इथं न्हाय आता. पण मी फोन करते, सर भूमला परत कधी येणार ते विचारते. तुम्ही कुठून आलात?"

"तिंत्रजच्या पुढून. गाडी तीन वाजता हाय."

"मग वेळ आहे," मी म्हणाले आणि फोन लावला.